ब्रेक ऑइल हे तेल नसतं

माझ्या लेकीचा मुलगा मुलुंडला राहतो. त्याच्याकडे एक मोटरसायकल आहे. तिच्यावर तो बसला की मागून नुसती पाठ दिसते, डोकं कुठेतरी पुढे दिव्याला टेकलेलं असतं. परवा आला, चहा प्यायला, मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "आज्जी, रेसिंगचं ब्रेक ऑइल मागवतोय. टॉपचं आहे." मी विचारलं, तू रेस कुठे करतोस? तर म्हणाला, "रेस नाही गं, ऑफिसलाच जातो. पण भारी आहे ना!" आता या "भारी आहे ना" वर काय बोलणार? हे वाक्य मी आमच्या घरात कॉलेजच्या वयात इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला ॲलर्जी आहे. त्याला मी समजावायला गेले, तर तो म्हणाला, "तुला काय माहीत ब्रेक ऑइलमधलं?" मला! बाबल मेस्त्रीच्या मुलीला! म्हणून रागारागात हे लिहायला बसले आहे. तो वाचणार नाही हे मला माहीत आहे, पण राग कुठेतरी काढायला हवा.

आमचं घर अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घर म्हणजे पुढे पत्र्याची शेड, ती बाबांचं गॅरेज, आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या, ते आम्ही. मधे एक दार होतं. त्या दारातून इकडचा तळलेल्या मांदेलीचा वास तिकडे जायचा आणि तिकडचा ग्रीसचा वास इकडे यायचा, आणि आई म्हणायची की या घरात सोलकढीलासुद्धा डिझेलची चव लागते. बाबा मालवणकडचे. मुंबईत येऊन आधी मिलमध्ये मशिनं दुरुस्त केली, मग गाड्या. शिक्षण चौथी, तेही मास्तर आजारी नसतील त्या दिवसांचं. पण गाडी नुसती समोरून गेली तरी कान टवकारून सांगायचे, "हिचो तिसरो प्लग गेलो." माणूस हुशार, आणि स्वतःला त्याहून हुशार समजणारा. माझा भाऊ वसंत, म्हणजे दादा, बावीसचा, बाबांच्याच हाताखाली काम करायचा. मी शालिनी, घरात शाली, कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला. घरात इंग्रजी वाचता येणारं माणूस मी एकटी, आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

त्या घराचा एक आवाज अजून कानात आहे. ब्रेकमधली हवा काढायची असली की दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पेडल दाबतं, दुसरं खाली चाकापाशी झोपून बारीक बोल्ट सैल करतं आणि परत आवळतं. पेडल दाबायचं काम माझं. पाय पोचायला लागले तेव्हापासून माझं. खालून बाबांचा आवाज यायचा, "दाब! धर... धर... सोड!" मांडीवर पुस्तक, पाय पेडलवर, अशी मी मॅट्रिकची अर्धी तयारी केली. आई आतून ओरडायची, "पोरीचा पाय दुखेल हो!" आणि बाबा खालून ओरडायचे, "गाडयेचो जीव तिच्या पायात आसा, दुखूंदे!"

तर अशा घरात जयूशेठ आले. जुहूला समुद्रासमोर बंगला, वडिलांचा कापडाचा मोठा धंदा, आणि यांना छंद गाडी पळवायचा. त्या काळी जुहूच्या विमानाच्या धावपट्टीवर अधूनमधून गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. जयूशेठची छोटी लाल गाडी बाबांकडे तयार व्हायची. शेठ पंचविशीचे, हातात कातडी मोजे, एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा. काढायचे नाहीत. एकदा ते मोजे घालूनच आईच्या हातची कांदाभजी खाल्ली होती त्यांनी. एके दिवशी ते आले आणि गाडीतून, बाळ उचलावं तसं अलगद, एक पत्र्याचा डबा काढून बाबांच्या हातात ठेवला. "मेस्त्री, मामा इंग्लंडसे लाये. रेसिंगचं ब्रेक ऑइल. एकदम झकास. थोडं माझ्या गाडीत टाका, बाकी तुम्हाला गिफ्ट."

मोरीतला साबणसुद्धा फॉरेनचा असला तर वापरायचा नाही, पाहुण्यांना दाखवायचा, असे ते दिवस. बाबांनी गाडीत निम्मं ओतलं आणि उरलेला डबा घरात आणला. आईने विचारलं, कुठे ठेवू? बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि देवाच्या फळीवर ठेवला. खोटं वाटेल, पण खरं सांगते, गणपती, रामेश्वराचा फोटो, कुलस्वामिनीचा टाक, आणि ब्रेक ऑइल. खंडेनवमीला पान्यांची आणि हातोड्यांची पूजा व्हायची तेव्हा हळदकुंकू आधी डब्याला. गॅरेजमध्ये जो कोणी येईल त्याला बाबा आत बोलवायचे, टोपण काढायचे आणि म्हणायचे, "वास घ्या." माणसं वास घ्यायची. डोळे मिटून घ्यायची. एक जण म्हणाला, लंडनची आठवण झाली. तो कधी पनवेलच्या पुढे गेला नव्हता. बाबांची मर्जी बसली तर एखाद्या डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या गाडीत ते तीर्थासारखं पळीभर ओतायचे, देवाची तीच पळी, आणि तो डॉक्टर पुढचा महिनाभर सांगत फिरायचा की ब्रेक कसे लोण्यासारखे लागतात. असे दोन पावसाळे गेले. डबा दिवसातून दोनदा उघडायचा, दोनदा बंद व्हायचा, आणि टोपण घट्ट लावायची कुणाला आठवण राहायची नाही, कारण उघडताना त्रास नको.

त्या डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी एकदा सहज वाचलं. वाचलं आणि चमकले. "बाबा, यावर लिहिलंय की हे हवेतली ओल शोषून घेतं. डबा घट्ट बंद ठेवा, उघडला की लगेच संपवा, उरलं तर फेकून द्या." बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी गणपती फेकून द्या म्हटलंय. त्यांनी शेजारच्या रेगेकाकांना बोलावलं. रेगेकाका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या इंग्रजीचा निकाल त्यांच्याकडे लागायचा. त्यांनी चष्मा पुसला, डबा लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "मुलीचं शब्दशः बरोबर आहे, पण भावार्थ चुकला. मॉइश्चर म्हणजे धुकं. ही सूचना इंग्लंडच्या हवेसाठी आहे. आपल्याकडे धुकं कुठाय?" बाहेर जुलैचा पाऊस धो धो पडत होता. भिंतींना बुरशी आली होती. आईच्या बरणीतल्या मिठाचा चिखल झाला होता, काड्यापेटी चुलीच्या उबेला ठेवली तरच पेटत होती. आणि रेगेकाका मान हलवत म्हणाले, "धुकं नाही. काळजी नको." बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वास दिला.

आज मला यातलं जरा जास्त कळतं, म्हणून नातवासाठी लिहून ठेवते. शर्यतीत ब्रेक सारखे दाबले जातात, चाकातला ड्रम तव्यासारखा तापतो, आणि ती आच आतल्या द्रवापर्यंत पोचते. तो उकळला की त्याची वाफ होते, आणि वाफेवर पाय दाबला तर पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत नाही. म्हणून शर्यतीचा द्रव असा करतात की तो सहजासहजी उकळत नाही. पण तो पाण्याचा हावरट. उघडा ठेवला की हवेतलं पाणी पितो, आणि पाणी प्यायला की त्याचं सगळं भारीपण गेलं. शर्यतवाले तो सारखा बदलतात. रस्त्यावरच्या गाडीला इतकी आच लागत नाही. तिला शांतपणे वर्ष-दोन वर्षं टिकणारा साधा, सीलबंद डब्यातला द्रव लागतो. झालं. एवढंच. यात भारी आणि हलकं काही नाही, कुठे काय लागतं एवढंच आहे. पण आमच्याकडे याला म्हणायचे ब्रेक "ऑइल", आणि सगळी वाट या एका शब्दाने लावली.

ती कशी, ते सांगते. शर्यत पुढच्या रविवारी आणि जयूशेठ बॅडमिंटन खेळताना पडले, मनगट मोडलं. प्लास्टर. मोजे त्या प्लास्टरवर बसेनात, म्हणून एकाच हातात घालून आले आणि म्हणाले, "मेस्त्री, नाव माझं दिलेलं आहे. नाव मागे घेणार नाही. वसंत चालवेल. हेल्मेटमध्ये कोण ते कोणाला दिसतंय?" दादाला काय, आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या गॅरेजच्या दारापर्यंत चालवणारा तो. त्याने आठ दिवस जेवणात लक्ष दिलं नाही. आणि बाबा म्हणाले, "झील माझो धावतलो, तर त्याका पयल्या नंबराचा ऑइल." उरलेला सगळा डबा दादाच्या ब्रेकमध्ये जाणार हे ठरलं. धावपट्टीच्या टोकाला वाळूने भरलेली पिंपं उभी करून तिथून गाड्या मागे वळायच्या. सरळ पट्टीवर सुसाट यायचं आणि त्या पिंपांपाशी मरणाचा ब्रेक मारायचा. असे फेरे दहा. ब्रेक नाही लागला, तर पुढे पिंपं, आणि पिंपांच्या मागे माणसं.

मी बाबांना शुक्रवारी सकाळी गाठलं. "बाबा, त्या डब्यात पाणी गेलंय. दोन वर्षं उघडा आहे तो."

बाबा कार्बुरेटर पुसत होते. "तेलात पाणी मिसळता काय गे कधी?"

"नाही, पण..."

"पाणी गेला तर खाली बसतला. आसा काय खाली?" त्यांनी डबा आणला, काचेच्या ग्लासात ओतला, उजेडात धरला. "बघ. खाली काय नाय. वर काय नाय. शुद्ध."

"बाबा, ते तेल नाहीच! डब्यावर ऑइल लिहिलेलंच नाही. फ्लुइड लिहिलंय. यात पाणी विरघळतं, दिसत नाही!"

"तीस वर्षां मी ब्रेक ऑइल म्हणतंय," बाबा म्हणाले, "आणि तू काल कॉलेजात गेलंस आणि ता तेलच नाय?" दादा बाजूला उभा होता, त्याला मी म्हटलं, तू तरी बोल रे. तर तो खाली बघून म्हणाला, "शाले, तुझं पुस्तक ठेव ना बाजूला." मला इतका राग आला त्याचा की वाटलं, जा, मर. लगेच जीभ चावली.

दुपारी मी आईच्या दोन छोट्या वाट्या घेतल्या, सारख्या आकाराच्या. एकीत डब्यातलं थोडं, दुसरीत गॅरेजच्या फळीवरच्या देशी ब्रेक ऑइलचा नवा डबा फोडून त्यातलं तेवढंच. दोन्ही एकाच तव्यावर ठेवल्या, स्टोव्ह पेटवला, खिडकी उघडली. आई म्हणाली, "माझ्या वाट्या! आता यात मी काय वाढू, बोल्ट?" मी म्हटलं, आई, फक्त बघ. आम्ही दोघी बघत बसलो. फॉरेनच्या वाटीत आधी बारीक बुडबुडे आले, मग चांगलं खदखदायला लागलं. शेजारी देशी वाटी ढिम्म. आई स्वयंपाकघरातली बाई. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "हे तर आधण आहे गं. यात पाणीच आहे." आणि तिचा चेहरा पांढरा झाला, कारण तिला त्यापुढचंही कळलं. तिनेच बाबांना हाक मारली.

बाबा आले. तव्यासमोर उकिडवे बसले. एक वाटी खदखदतेय, एक गप्प आहे, हे त्यांनी नीट पाहिलं. मला वाटलं, झालं, पटलं. बाबांचा चेहरा हळूहळू उजळला आणि ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत? फॉरेनचा! कसा पटकन पेटला! पॉवर आसा त्यात पॉवर! आणि आमचो देशी बघा, सरकारी नोकरासारखो पडून आसा!" त्यांनी रेगेकाकांना बोलावून तेही दृश्य दाखवलं. रेगेकाका म्हणाले, "रिस्पॉन्स. याला इंग्रजीत रिस्पॉन्स म्हणतात." मी हात टेकले. पुढे मी पस्तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. प्रयोग डोळ्यासमोर झाला तरी माणसाला हवं तेच दिसतं हे मी आमच्या घरात स्टोव्हसमोर शिकले, बी.एड.ला नाही.

शनिवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले, दादा गाडीचं पॉलिश आणायला गेला, आणि आई माझ्याजवळ येऊन नुसतं म्हणाली, "शाली, तो देशी डबा कुठाय?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी फळीवरून नवा सीलबंद डबा काढला. आई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली आणि म्हणाली, "ते उठले तर मी खोकेन." मी देवाच्या फळीवरचा डबा उचलला. तेवढ्यात आई उठून आली, डब्यासमोर हात जोडले आणि पुटपुटली, "बाबा रे, मोठा असशील तू, लांबून आलायस, पण मुलगा आमचा आहे." मग म्हणाली, "ओत." मी मागच्या माळावर, जिथे काही उगवत नव्हतं तिथे, इंग्लंडचं ते सगळं तीर्थ ओतून टाकलं. डबा देशी द्रवानेच दोनदा विसळला, पाण्याचा थेंब लागू दिला नाही, आणि मग नवा भरला, टोपण असं आवळलं की हाताला वळ उठले. हळदकुंकवाचं बोट पुसलं गेलं होतं, ते आईने परत लावलं. आम्ही दोघी चोरांसारख्या घामाघूम झालो होतो. आई आयुष्यात नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती, निदान मला माहीत असलेलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने आमटीत मीठ दोनदा घातलं.

रविवारी सकाळी शेडमध्ये पूजा. बाबांनी डबा आणला, टोपण उघडायला जोर लावावा लागला, म्हणाले, "आज घट्ट कित्याक?" आई खोकली. उगाच. मग बाबांनी नेहमीसारखं नाक डब्यावर नेलं. आम्ही दोघींनी श्वास धरला. तीस वर्षं ज्या माणसाने देशी ऑइलात हात बुडवलेत, त्याला त्याचा वास कळणार नाही? बाबांनी डोळे मिटले. खोल श्वास घेतला. "वा! वास बघा! याक म्हणतत रेसिंग!" आणि मी गाडीत जाऊन बसले. दाब. धर. सोड. चारी चाकांचं जुनं ऑइल काढून नवं भरलं गेलं, माझ्याच पायाने. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं आणि मला रडू आलं, ते मी जांभईसारखं करून दाबलं.

जुहूला पोचलो तर तिथे जत्रा. छत्र्या, लाउडस्पीकर, भेळवाले, आणि गॉगल लावलेल्या बायका, ज्या गाडीकडे सोडून सगळीकडे बघत होत्या. एक क्लबवाला माइकवर इंग्रजीत बोलत होता आणि लाल गाडी आली की जयूशेठचं नाव घेऊन त्यांच्या धाडसाचं कौतुक करत होता. जयूशेठ आमच्या शेजारी, प्लास्टरचा हात रुमालात लपवून, स्वतःचं कौतुक ऐकत उभे. मधेच मान तुकवायचे. पाच गाड्या सुटायच्या होत्या. एक सुटलीच नाही. दुसरी तिसऱ्या फेरीत धूर सोडत बसली. उरल्या तीन.

मी आणि आई पिंपांच्या बाजूला उभ्या होतो. आईला तिथेच उभं राहायचं होतं. लांबून ती लाल ठिपक्याएवढी गाडी निघायची, मोठी व्हायची, तिचा आवाज कानठळ्या बसवायचा, आणि मला वाटायचं आता, आता दाब रे, दाब! मग तिचं नाक खाली बसायचं, टायर किंचाळायचे, आणि ती पिंपांना वळसा घालून मागे जायची. दहा वेळा. दर वेळी आई माझा दंड धरायची आणि गाडी वळली की सोडायची. सातव्या फेरीपासून ब्रेकचा करपका वास यायला लागला. आठव्याला गाडी थांबताना थोडी लांब घसरली. देशीचीसुद्धा हद्द होती, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, बरं झालं. नवव्याला दादाने ब्रेक बराच आधी मारला, आणि जयूशेठ चिडून म्हणाले, "अरे, डरता काय को है?" आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुमचा हात मोडला म्हणून तो आहे आत. गप्प बसा." शेठनी हातावरचा रुमाल सारखा केला. दहावा फेरा झाला. तीनात तिसरा नंबर. माइकवाल्याने जयूशेठचं अभिनंदन केलं.

बाबा सगळ्यांना सांगत सुटले. चाकातून ऊब येत होती, लोक जमले होते, आणि बाबा डबा उंच धरून, हो, तो त्यांनी पिशवीतून सोबत आणला होता, म्हणत होते, "याच्यामुळे! फॉरेनचा रेसिंग ऑइल! नायतर दहाव्या फेऱ्याक गाडी समुद्रात!" दादा हेल्मेट काढून, घामाने निथळत, बाजूला बसला होता. तेवढ्यात जयूशेठ म्हणाले, "मेस्त्री, मामांनी दोन डबे आणले होते. दुसरा आमच्या गॅरेजमध्ये पडून आहे, अर्धा वापरलेला. पुढच्या वेळी तोच भरू. वसंतच चालवेल!"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "यात देशी होतं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला थांबता आलं नाही. "मी बदललं काल. फॉरेनचं ओतून टाकलं. त्यात पाणी झालं होतं. शेठ, तुमच्या डब्यातही झालं असेल. ते भरलं असतं तर दादा या पिंपांवर गेला असता!"

बाबांचा हात डबा धरून वरच राहिला होता. माझ्याकडे बघून, आईकडे बघून (आईने मान खाली घातली नाही, हे मला कधी विसरता येणार नाही), मग दादाकडे बघून, बाबांनी हात खाली घेतला. मला वाटलं, आता चारचौघांत कानाखाली बसणार. बाबांनी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाले, "मग? मीच सांगितला होता तिका. फॉरेनच्या ऑइलाक आमची हवा मानवत नाय. मेस्त्री आसंय मी, ह्याही कळाक नको?"

जमलेले लोक माना डोलवायला लागले. "वा मेस्त्री!" जयूशेठनी डाव्या हाताने पाठ थोपटली. मी तर आ वासून उभी. रागाने कानशिलं तापली. दोन दिवस माझं काळीज फाटतंय, आणि हा माणूस आख्खं श्रेय घेऊन मोकळा! दादा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "पहिल्या ब्रेकला कळलं मला, हे आपलंच आहे. पायाची सवय." मी म्हटलं, मग शुक्रवारी बोलला का नाहीस? तो म्हणाला, "भीती वाटते असं बाबांना म्हटलं असतं, तर गाडी मिळाली नसती." तेव्हा मला कळलं की त्यालाही पटलं होतं. पटलं होतं, आणि तरी तो बसणार होता. मी तिथेच रडले. भेळवाल्यासमोर.

घरी आलो. दुपारचं जेवण, बांगड्याचं तिखलं आणि भात. दादा लांडग्यासारखा तुटून पडला होता. बाबांच्या ताटात आईने वाढलं, पण ते जेवेनात. नुसते दादाकडे बघत होते. तो घास घेतोय, काटा काढतोय, पाणी पितोय, भात मागतोय. आई म्हणाली, "अहो, निवतंय." ते म्हणाले, "त्याका जेवंदे." आयुष्यात ज्यांनी कधी कुणाच्या ताटात वाढलं नव्हतं, ते उठले आणि दादाला भात वाढायला लागले. अर्धा भात जमिनीवर सांडला. दादा म्हणाला, "बाबा, पुरे, पुरे." बाबा मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. मी उठायला लागले तर आईने माझा हात धरला, म्हणाली, "नको जाऊस. रडू दे."

बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. पाटावर बसले, ताट जवळ ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाले. उद्यापासून डबे तू वाचूचे. सगळे. ग्रीसचोसुद्धा. तू वाचल्यावर मगेच मी ओततलंय."

मी हो म्हटलं आणि त्यांना भात वाढला.